दाणेदार औषध

सासू : बघत काय बसलीस? बघितल्यानं ती रोपं उभी राहणार आहेत का?

सून : कुठल्या बाजूची जास्त गेलीत ते बघतेय, आई. बांधाकडची गेलीत. तिथलं गवत मी काढलं नव्हतं.

सासू : काल संध्याकाळी ताठ होती सगळी. आता बघ, कुणी कात्रीनं कापावीत तशी बुडापासून कापून ठेवलीत. खाऊन तरी जावं त्या मेल्या अळीनं. कापायचं आणि टाकून जायचं.

सून : खाते ती. थोडं खाते आणि उजाडायच्या आत तिथंच मातीत शिरते. लांब जात नाही. रोपाच्या बुडाशी बोटभर उकरलं की सापडते. ही बघा.

सासू : मला कशाला दाखवतेस? माझा जन्म गेला त्या अळ्या बघण्यात. हात लावला की गोल होऊन पडते, मेल्याचं सोंग घेते.

सून : तो डबा जरा इकडं सरकवा. साबणाचं पाणी आहे त्यात.

सासू : आणि अशी एकेक वेचणार तू.

सून : एकेकच वेचणार.

सासू : कोबीचा आख्खा वाफा?

सून : कोबीचा आणि फ्लॉवरचाही. रोज उजाडता उजाडता. आठ-दहा दिवसांत खोड जाड होतं, मग तिला कापता येत नाही. तेवढे दिवस काढायचे.

सासू : आणि ते उष्टे कप?

सून : उष्टे नाहीत, धुतलेत मी. बूड कापायचं, रोपावरून खाली घालायचं आणि दोन बोटं मातीत दाबायचं. अळी जमिनीवरून सरपटत येते, कपाला आडवी होते, परत फिरते.

सासू : परत फिरते आणि शेजारच्या रोपाकडं जाते. तिला काय, घरंच मोजायचीत. चहावाल्याच्या टपरीवरून पिशवी भरून कप आणतेस. तो मला विचारत होता, तुमची सून कचरा वेचायला लागली का म्हणून.

सून : तुम्ही काय सांगितलंत?

सासू : काय सांगणार? म्हटलं, आमच्या घरी आता रोपांना पण चहा लागतो.

सून : बरं सांगितलंत. ती पोती उलटी करू लागता का? ओली करून ठेवली होती काल. खाली लपल्या असतील गारव्याला.

सासू : माझे गुडघे वाकत नाहीत. तूच कर. आणि ह्या वाटीत काय आहे चिकट?

सून : कोंडा आणि गूळ. जागोजागी ठेवायचं. वासावर येतात, सकाळी तिथंच गोळा सापडतात.

सासू : म्हणजे आता त्यांना गोड करून घालायचं. आम्ही नव्हतो एवढे लाड करत. मूठभर दाणेदार औषध घ्यायचं, वाफ्यात फेकायचं, वरून पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी मातीत हालचाल नाही.

सून : विष, आई.

सासू : औषध. दुकानावर पाटी काय आहे? बियाणं, खतं आणि औषधं. विषाचं दुकान अशी पाटी कुठं वाचलीस तू?

सून : नाव काय द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मातीतली अळी मरते त्यानं, गांडूळ मरतं, अळी खाणारं पाखरू मरतं. आणि जे रोप ते पितं ते आपण खातो.

सासू : आपण खाल्लं. मी खाल्लं, तुझ्या सासऱ्यांनी खाल्लं, तुझ्या नवऱ्यानं खाल्लं. तो ट्रक चालवतो, रस्त्यानं चार-चार रात्री जागतो, काय झालंय त्याला?

सून : मी काही म्हटलं का?

सासू : तू कधी म्हणतेस? तू तोंडानं नाही म्हणत. तू फाटकावर लिहून ठेवतेस. विषमुक्त भाजी. ते पण लाल रंगानं.

सून : गिऱ्हाइकांना लांबून दिसावं म्हणून लाल.

सासू : मलापण दिसतं. चौथीपर्यंत शिकलेय मी. येता-जाता वाचते.

सून : तुमच्यासाठी नाही लावली ती पाटी.

सासू : ह्या जागेत तुझ्या आधी भाजी कोण करत होतं? मीच ना? मग ती आता विषमुक्त झाली, तर आधी काय होती? हे शेंबड्या पोरालासुद्धा कळेल. गल्लीतल्या बायका ती पाटी वाचतात आणि मग माझ्याकडं बघतात.

सून : तुमच्याकडं कुणी बघत नाही हो.

सासू : तेही खरंच. तुझ्याकडं बघतात. मास्तरीणबाईंनी परवा तुझा हात धरला, किती कष्ट घेता म्हणून. माझ्याकडून वीस वर्षं वांगी नेली त्या बाईनं. माझा हात नाही धरला कधी.

सून : त्यांची लेक आलीय बाळंतपणाला. तिच्यासाठी नेतात रोज पालक. म्हणून बोलल्या असतील मायेनं.

सासू : असेल. आणि कोबी नाही आला तर? त्या सगळ्या घरांना कबूल करून बसलीस ना?

सून : नाही आला तर नाही आला म्हणून सांगेन. चूक माझीच आहे. वाफा खणून उन्हात उघडा ठेवायला हवा होता, पाखरांनी वेचून खाल्ल्या असत्या. मी घाई केली, खणला आणि लगेच लावलं. ती चूक मी निस्तरेन. पण ह्या मातीत आता ते पडायचं नाही.

सासू : माती तुझी झाली वाटतं.

सून : तुम्हीच दिलीत, आई. गुडघे गेले तेव्हा खुरपं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, आता तू बघ.

सासू : बघ म्हटलं होतं. मला शिकव नव्हतं म्हटलं.

सून : पाय उचला. तुमच्या टाचेखाली आहे एक.

*

(काही दिवसांनी, दुपारी. घरामागच्या नळाशी सासू दगडावर बसली आहे. सून भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन नुकतीच परतली आहे.)

सून : आई, आज फेरी मारलीत का वाफ्यातून? एक रोप पडलं नाही. काल नाही, आज नाही. कोंड्यापाशी तर मेलेल्याच पडल्या होत्या. म्हटलं, आपोआप कशा... तुम्ही अशा का बसलात?

सासू : काही नाही. ऊन लागलं.

सून : सावलीत बसून? केवढा घाम आलाय. अंगातलं चिंब भिजलंय.

सासू : जरा मळमळतंय. सकाळचं शिळं खाल्लं ना.

सून : शिळं काही नव्हतं आज. माझ्याकडं बघा. नीट बघा. दिसतेय ना मी?

सासू : दिसतेस की. जरा पुसट.

सून : तोंड का पुसताय सारखं?

सासू : पाणी सुटतंय. थुंकले की परत सुटतंय.

सून : हात दाखवा.

सासू : हाताला काय झालंय?

सून : दाखवा आधी. बोटं का उडतायत अशी? आणि नखांत हे जांभळं काय आहे?

सासू : माती आहे.

सून : आपली माती जांभळी नाही. आई, काय टाकलंत तुम्ही वाफ्यात?

सासू : ओरडू नकोस. डोकं ठणकतंय.

सून : मी ओरडत नाहीये. मी विचारतेय. कुठून आणलंत?

सासू : माळ्यावर होता डबा. तुझ्या सासऱ्यांच्या वेळचा. तू सगळं काढून टाकलंस, तो गोधडीत गुंडाळलेला राहिला.

सून : उठा. इथं नळाखाली या. कपडे काढायचेत सगळे.

सासू : अगं, उघड्यावर...

सून : कुणी नाही बघायला. पदर सोडा. हात वर. हे सगळं अंगाला लागलेलं आहे, कातडीतून आत जातंय ते. साबण लावतेय. हातमोजे तरी घातले होते?

सासू : कधी घातलेत मी हातमोजे? गार आहे पाणी.

सून : गारच पाहिजे. थांबा, आधी रिक्षावाल्याला फोन करते. (फोनवर) भाऊ, मी बोलतेय, भाजीवाली. आत्ताच्या आत्ता घरापाशी या. सासूबाईंना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. नाही, पडल्या नाहीत. या तुम्ही. — डबा कुठाय तो?

सासू : पाण्याच्या पिंपामागं. कशाला हवाय? रागानं फेकून देशील.

सून : डॉक्टरांना दाखवायला हवाय. काय गेलंय अंगात ते कळल्याशिवाय उपचार कसा करतील? कधी टाकलंत? खरं सांगा.

सासू : कोबीत परवा टाकलं, आज परत टाकलं. तू भाजी घेऊन गेलीस तेव्हा. फ्लॉवरमध्येही परवाच.

सून : म्हणून पडत नव्हती रोपं.

सासू : म्हणून पडत नव्हती. तुझे चहाचे कप आपले उभे तसेच.

सून : नखं पुढं करा. अजून कशात टाकलंत? कोबी, फ्लॉवर. आणि?

सासू : डब्यात होतं अजून थोडं.

सून : आई, आणि कशात?

सासू : पालकाच्या कडेनं. तिथंपण दिसली मला एक अळी. काल दुपारी टाकलं. पाणी सोडलं वरून.

सून : पालक मी आज सकाळी काढला. वाटून आले मी सगळा.

सासू : एका दिवसात काय चढतंय त्याच्यात.

सून : हात पाण्याखाली धरून ठेवा. काढू नका. (फोनवर) मास्तरीणबाई, मी बोलतेय. सकाळचा पालक शिजवलात का? चिरलाय? चिरलेला राहू दे, शिजवू नका. टाकून द्या. गाईला घालू नका, कुठल्याच जनावराला नको. पिशवीत बांधून टाका आणि हात धुवा साबणानं. ताईनं कच्चं काही तोंडात टाकलं नाही ना? विचारा तिला. मी थांबते. विचारा हो आधी, मग सांगते. — नाही ना? नक्की ना? हो, माझ्याकडूनच चुकीचं आलंय. नंतर येऊन सांगते. मला बाकीच्या घरी फोन करायचेत.

सासू : तुझं कशाला म्हणालीस? माझं नाव सांगायचं होतंस.

सून : तुमचं नाव सांगून त्यांच्या घरातला पालक परत येणार आहे का? वाका पुढं. मानेवरून पाणी घालते.

सासू : जीभ जड झालीय गं.

सून : बोलू नका मग.

सासू : मी सांगणार होते तुला. गड्डे भरले असते, तू टोपल्या भरून नेल्या असत्यास, पैसे आणले असतेस, तेव्हा सांगणार होते.

सून : कशासाठी?

सासू : कळावं म्हणून. मी काही मूर्ख नव्हते. मी पण कष्टच केले. ते काय तू लिहिलंस तसं काही नव्हतं, हे तुला कळावं म्हणून.

सून : तुम्हाला ऊन लागलं नव्हतं, आई.

सासू : काय?

सून : मघाशी म्हणालात ना, ऊन लागलं. मलापण तेच म्हणाला होतात. इथंच बसले होते मी, ह्याच दगडावर. सातवा लागला होता. सकाळभर वांग्याच्या वाफ्यात मुठीनं टाकलं होतं ते. असाच घाम. असंच तोंडाला पाणी. तुम्ही लिंबूपाणी दिलंत आणि म्हणालात, ऊन लागलंय, जरा पड.

सासू : मला काय माहीत होतं?

सून : मी हातमोजे मागितले होते.

सासू : माहीत नव्हतं मला. मी भरल्या दिवसांपर्यंत टाकलंय. तुझा नवरा पोटात असताना टाकलं. तो आला की धडधाकट.

सून : तुम्ही हसलात. म्हणालात, राणीसरकारांना मोजे हवेत. शेजारणीला बोलावून सांगितलंत.

सासू : डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही कशानं गेलं.

सून : म्हणाले होते. सांगता येत नाही असंच म्हणाले. म्हणून मी पण कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं एका चुलीवर जेवले तुमच्याबरोबर, कधी बोलले का?

सासू : बोलायला हवं होतंस.

सून : बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?

सासू : हेच म्हटलं असतं. माझा आला धडधाकट.

सून : पाय धुते आता. खांद्याला धरा माझ्या. पडाल.

सासू : सोड, मी धुते.

सून : तुम्हाला बोटं वाकवता येत नाहीयेत. धरा खांद्याला. आणि उलटी आली तर येऊ दे, मुद्दाम काढायची नाही. आली रिक्षा. हा माझा गाऊन घाला.

सासू : तुझा कशाला?

सून : तुमचं सगळं जाळायचंय मला.

*

मास्तरीणबाई : मी आत येत नाही. फाटकातूनच बोलते. कधी आणलंत घरी यांना?

सून : काल संध्याकाळी. बरं आहे आता. अशक्तपणा आहे. उन्हाला म्हणून दारात बसवलंय.

मास्तरीणबाई : ही तुमची टोपली. आमच्याकडं राहिली होती. धुऊन आणलीय.

सून : ताई कशी आहे?

मास्तरीणबाई : तिनं काही खाल्लं नव्हतं. तरी रात्रभर पोटाला हात लावून बसली होती. सकाळी दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे, ठोके चांगले आहेत. पण ती आता घरात आलेली कुठलीच भाजी खात नाही. वरणभातसुद्धा वास घेऊन खाते.

सून : मी येऊन बोलू का तिच्याशी?

मास्तरीणबाई : नको. तुमचं नाव काढलं की रडते. बाकीच्या घरांचं मला माहीत नाही, पण आमच्याकडं यापुढं आणू नका. मी हे रागानं बोलत नाहीये.

सून : बाकीच्यांनीही तेच सांगितलंय. कुणी फोनवर, कुणी दुसऱ्याकरवी. कुणाला काही बाधलं नाही, एवढंच बघितलं मी.

मास्तरीणबाई : फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही तर गल्लीभर सांगत होतात, विषमुक्त. मग हे तुमच्या घरात आलं कुठून? टाकलं कुणी?

सून : चूक झाली घरात. माझं लक्ष नव्हतं.

सासू : मी टाकलं.

सून : आई, तुम्ही नका बोलू.

सासू : का नको? दवाखान्यात तो पोरगेला डॉक्टर दहा वेळा विचारत होता, आजी, मुद्दाम घेतलं का, घरात भांडण झालं का, सून छळते का. त्याला सांगितलं, आता हिला पण सांगते. मी टाकलं, बाई. हिला न सांगता.

मास्तरीणबाई : जाणूनबुजून? माझी मुलगी गरोदर आहे हे माहीत असून?

सासू : तुमच्या मुलीचा विचारच आला नाही डोक्यात. अळीचा आला.

मास्तरीणबाई : मी वीस वर्षं तुमच्या हातून भाजी नेली. तेव्हाही हेच टाकत होतात?

सासू : तेव्हाही हेच.

मास्तरीणबाई : ही मुलगी माझ्या पोटात होती तेव्हासुद्धा मी तुमचीच वांगी खाल्ली. एकदा तरी सांगायचंत.

सासू : तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही वांगं उचलायचात, उलटं करून देठापाशी बघायचात. बारीक भोक दिसलं की परत टोपलीत टाकायचात. म्हणायचात, किडकं देता होय. मी घरी येऊन सासऱ्यांना सांगायची हिच्या, उद्या दोन मुठी जास्त टाका.

मास्तरीणबाई : म्हणजे दोष माझा?

सासू : तसं कुठं म्हटलं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं.

मास्तरीणबाई : येते मी. तब्येत सांभाळा.

सून : फाटक ओढून घेते मी, तुम्ही जा. — कशाला बोललात एवढं? बाई आयुष्यभर ते घोकत बसेल आता.

सासू : बसू दे. मी एकटीनंच का बसायचं?

सून : ऊन सरकलं. खुर्ची हलवू का?

सासू : राहू दे. तू काय करतेस वाफ्यात? उपटतेस सगळं?

सून : उपटतेय. कोबी, फ्लॉवर, पालक, सगळं.

सासू : कोबी तर चांगला धरला होता. पानं बघ कशी पसरलीत.

सून : म्हणूनच उपटतेय. असा चांगला कोबी भरला की कुणीतरी उचलून नेईल.

सासू : मग परत काय लावणार?

सून : ह्या तीन वाफ्यांत खायचं काही नाही, बराच काळ. झेंडू लावेन. शेणखत घालेन, पण चांगलं कुजलेलं. कच्चं घातलं तर त्यातून हुमणीची अळी येते, मग परत मुळं खाणार. पाऊस पडेल, ऊन पडेल. कधीतरी गांडूळ दिसेल. तोवर वाट बघायची.

सासू : आणि गिऱ्हाइकं?

सून : ती नाही येणार.

सासू : पलीकडचे वाफे तर स्वच्छ आहेत. वांग्याच्या बाजूला मी गेलेच नाही.

सून : मला माहीत आहे. लोकांना कोण सांगणार? तुम्ही नाही गेलात ह्यावर मी विश्वास ठेवते, तोच पुष्कळ झाला.

सासू : ठेवतेस?

सून : दवाखान्यात शुद्धीवर आलात तेव्हा पहिलं तेच सांगितलंत. वांग्यात नाही टाकलं म्हणून. तेव्हा खोटं बोलायचं बळ नव्हतं तुमच्यात.

सासू : त्याला कळवलंस?

सून : ह्यांना? हो. म्हणाले, परवा गाडी खाली करून येतो. विचारत होते, आई असं का वागली.

सासू : काय सांगितलंस?

सून : अळी पडली होती, एवढंच.

सासू : दुसरं नाही सांगितलंस? दगडावर बसून म्हणालीस ते?

सून : ते त्यांना सांगायला मी इतकी वर्षं थांबले नव्हते. आणि तुम्हाला तरी कुठं सांगणार होते? निघालं तोंडातून.

सासू : हात अजून थरथरतात माझे.

सून : थांबेल हळूहळू. डॉक्टर म्हणाले.

सासू : रात्री झोप लागत नव्हती तिथं. तू खाली सतरंजीवर होतीस, तुझीही लागली नव्हती. विचारू विचारू म्हटलं, धीर झाला नाही.

सून : काय विचारायचं होतं?

सासू : तिला मी बघितलं होतं. तू बेशुद्ध होतीस. नर्सनं माझ्याच हातात दिली होती. केस होते डोक्यावर. बरेच होते. हे तुला कुणी सांगितलं होतं का?

सून : नाही.

सासू : मीच सांगायला हवं होतं. मग वाटलं, सांगून काय. तू विसरावंस म्हणून नाही सांगितलं.

सून : कसे होते?

सासू : काळेभोर. ओले होते म्हणून चिकटले होते कपाळाला. मी बोटानं बाजूला केले. तेव्हा माझी नखं स्वच्छ होती की नव्हती, तेच आठवत बसले होते मी तिथं कॉटवर.

सून : पुरे आता, आई.

सासू : नाव ठरवलं होतंस का तू? तिचं?

सून : ठरवलं होतं.

सासू : काय?

सून : ते तुम्हाला नाही सांगणार मी. गोळी घ्या, पाणी तुमच्या हाताशीच ठेवलंय.